त्या चिठ्ठीवर कोणीही हसत नाही

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत 'डार्क कॉमेडी' या चित्रपटप्रकारावर लेख आला आहे. पैसे घेऊन माणसे मारणाऱ्यांवर विनोदी चित्रपट काढले की मरण स्वस्त होते, असा त्याचा एकूण सूर. तो सूर मला सगळाच अमान्य नाही, त्याबद्दल पुढे लिहिते. परंतु लेखकाने उदाहरण घेतले ते 'इन ब्रूज' या चित्रपटाचे, आणि विधान असे केले की त्यात एका लहान मुलाचा खूनसुद्धा हसण्यावारी नेला आहे. हे विधान चुकीचे आहे. नुसता मतभेद असता तर मी पत्र लिहायला बसले नसते. पडद्यावर जे घडते त्याच्या उलट छापून आले आहे, म्हणून लिहिते, आणि त्याची दुरुस्ती आपण छापावी अशी विनंती करते.

मी माध्यमिक शाळेत गणित शिकवत असे. आता निवृत्त आहे. सिनेमाचे शिक्षण मी घेतलेले नाही. पण हा चित्रपट मी पुन्हा पुन्हा पाहिला आहे, आणि ज्या मुलाच्या मृत्यूबद्दल लेखकाने ते वाक्य लिहिले, त्या मुलाशी माझ्या पेशामुळे माझे काहीतरी नाते जुळते. ते कसे, हे सांगायचे तर गोष्ट उलगडावी लागणार. ज्यांना चित्रपट कोऱ्या मनाने पाहायचा आहे त्यांनी पत्र इथेच बाजूला ठेवावे.

चित्रपट २००८ सालचा. लेखक-दिग्दर्शक मार्टिन मॅकडोना, आयरिश आई-वडिलांचा लंडनमध्ये जन्मलेला मुलगा. नाटककार म्हणून त्याचे नाव आधीच झाले होते, 'सिक्स शूटर' या लघुपटाला ऑस्करही मिळाले होते. पूर्ण लांबीचा हा त्याचा पहिलाच चित्रपट. बेल्जियममधल्या ब्रूज या जुन्या गावाला तो एकदा गेला, आधी गावावर भाळला, मग तिथे कंटाळला, आणि आपल्या या दोन मनःस्थितींतूनच दोन पात्रे सुचली, असे त्याने मुलाखतींत सांगितले आहे. रे आणि केन ही ती दोन पात्रे. दोघेही आयरिश, दोघेही भाडोत्री मारेकरी. रे तरुण, ती भूमिका कॉलिन फॅरेलची. केन वयाने बराच मोठा, ती ब्रेंडन ग्लीसनची. त्यांचा मालक हॅरी म्हणजे रेफ फाइन्स. एक काम बिघडले म्हणून हॅरीने दोघांना ब्रूजला लपून राहायला पाठवले आहे. नाताळ तोंडावर आलेला, हॉटेलात दोघांत मिळून एकच खोली. केन हातात माहितीपुस्तिका घेऊन कालवे, चर्च, मनोरे पाहत हिंडतो. रे त्याच्यामागून पाय ओढत, कुरकुरत चालतो. पहिली वीसेक मिनिटे या कुरकुरीवर आपण मनमुराद हसतो, आणि रे इतका वैतागलेला का, हा प्रश्न आपल्याला पडतही नाही. स्वभावच तसा असेल, असे वाटते.

मग ते बिघडलेले काम दाखवतात. रे एका चर्चमध्ये पापनिवेदनाला बसला आहे. जाळीपलीकडच्या पाद्र्याला तो सांगतो की मी पैशासाठी खून केला. कोणाचा, असे विचारल्यावर तुमचाच, म्हणतो आणि पिस्तूल काढतो. इथे प्रेक्षक हसतो, हे मी नाकारत नाही. संवादाची रचनाच तशी आहे. जखमी पाद्री बाहेर धडपडतो, रे मागून आणखी गोळ्या झाडतो, पाद्री कोसळतो. आणि मागे एक मुलगा दिसतो. आपल्या पाळीची वाट पाहत आलेला. पाद्र्याला भेदून गेलेली गोळी त्याच्या कपाळात शिरली आहे. त्याच्या हातात एक चिठ्ठी आहे. पाद्र्यासमोर गोंधळून विसरायला नको म्हणून त्याने आपली पापे क्रमांक घालून लिहून आणली आहेत. रे ती चिठ्ठी वाचतो, आणि त्याच्याबरोबर आपण. पहिले पाप, चिडका स्वभाव. दुसरे, गणितात कच्चा. तिसरे, उदास असतो.

संपादक महाशय, इथे कोणी हसत नाही. आमच्या घरी हा चित्रपट पाहताना मोठ्याने हसणारी माणसे होती. माझा भाचा तर पहिल्या प्रसंगापासून हसत होता. चिठ्ठी आली आणि खोलीत आवाज राहिला नाही. आणि हे आपोआप घडलेले नाही, मॅकडोनाने ते मुद्दाम योजले आहे. आधीच्या वाक्याला आपल्याला हसवायचे, आणि तोंडावरचे हसू अजून मावळले नाही तोवर ते पोर दाखवायचे, म्हणजे आपण कशाला हसत होतो हे आपले आपल्याला कळते. प्रेक्षकाला विचार करायला लावण्याची ही रीत कठोर आहे. पण तिला 'हसण्यावारी नेणे' म्हणता येत नाही.

त्या दुसऱ्या पापाबद्दल मला लिहायचे आहे. उत्तरपत्रिका तपासताना शेवटच्या पानावर, बहुधा तळाच्या कोपऱ्यात, पेन्सिलीने लिहिलेले एखादे वाक्य सापडते. 'बाई, मला गणित येत नाही, माफ करा.' 'बाई, खूप अभ्यास केला होता पण आठवले नाही, रागावू नका.' गणिताच्या कोणत्याही शिक्षिकेला विचारा, ती सांगेल. इतिहासाच्या पेपरात मुले अशी माफी मागत नाहीत. तिथे येत नसेल तर पाल्हाळ लावतात, काहीतरी लिहून पाने भरतात. गणितात पाल्हाळ लावता येत नाही, कोरी जागा कोरीच दिसते, आणि ती कोरी जागा मुलाला स्वतःचा गुन्हा वाटू लागते. मी वर्गात कितीदा सांगितले असेल की वजाबाकीत हातचा चुकला तर ती फक्त हातच्याची चूक, तुझी नाही. तरी पेन्सिलीची वाक्ये येतच राहिली. म्हणून मॅकडोनाने त्या मुलाच्या चिठ्ठीत ते पाप लिहिले, तेव्हा मला कळले की या माणसाला मुले ठाऊक आहेत. खोटा लेखक असता तर त्याने मुलाला निरागस दाखवण्यासाठी एखादे गोजिरे पाप दिले असते. मांजराची शेपटी ओढली, भावाचा खाऊ खाल्ला, असे काहीतरी. गणितात कच्चा असणे आणि उदास असणे, या गोष्टींना पाप समजून चर्चमध्ये आलेले मूल बनवलेले वाटत नाही. ते कोणत्याही वर्गात तिसऱ्या बाकावर बसलेले असते.

आणि तिसरे पाप पाहा. उदास असणे. रे पुढचा सगळा चित्रपट तेच 'पाप' करत असतो.

चित्रपटातला बहुतेक विनोद या चिठ्ठीनंतर येतो, आणि तो या चिठ्ठीपासून सुटत नाही. याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे संग्रहालयानंतरचे संभाषण. केन रेला ग्रुनिंगे संग्रहालयात नेतो. तिथे जेरार्ड डेव्हिडचे १४९८ सालचे चित्र आहे: लाच खाणाऱ्या न्यायाधीशाची जिवंतपणी कातडी सोलताहेत. ब्रूजच्या नगरगृहात, न्यायनिवाडा करणाऱ्यांना जरब बसावी म्हणून ते काढवून घेतले होते. तिथेच हिएरोनिमस बॉशचे 'अंतिम निवाडा' आहे, पापी माणसांच्या नाना तऱ्हांच्या यातना दाखवणारे. आतापर्यंत प्रत्येक गोष्टीला नाक मुरडणारा रे या चित्रांपुढे उभा राहतो. बाहेर आल्यावर तो केनला विचारतो की हे पाप, निवाडा, नरक, यावर तुझा विश्वास आहे का. केन मोकळेपणाने बोलू लागतो. आपण मारलेली माणसे बहुतेक बरी नव्हतीच, पण एक मात्र चांगला होता, असे सांगतो. तो शाळेच्या मुलांना रस्ता ओलांडून देणारा साधा माणूस. भावाला वाचवायला म्हणून बाटली घेऊन केनच्या अंगावर धावला, आणि केनने त्याला गोळी घातली.

यावर रे केनची समजूत काढू लागतो. बाटली हे शस्त्रच, तेव्हा तू केलेस ते बरोबर. नुसत्या हातांनी आला असता तर गोष्ट वेगळी. केन म्हणतो, नुसत्या हातांनीही माणूस मरतो, त्याला कराटे येत असते तर? मुलांना रस्ता ओलांडून देणाऱ्याला कराटे कशाला येईल, यावरून दोघांची हुज्जत सुरू होते. त्याचे वय किती होते इथपर्यंत ती जाते. आपण हसून हसून बेजार होतो. आणि या हुज्जतीच्या भरातच रे फुटतो. मी एका लहान मुलाला मारले आहे आणि तू मला भलत्याच माणसाच्या गोष्टी काय सांगतोस, असे ओरडतो. मुद्दाम मारले नाहीस, असे केन म्हणतो. ते त्याला मान्य आहे. पण मी जे ठरवले आणि मी जे केले त्यातून तो मुलगा आता नाही, आणि पुन्हा कधीच असणार नाही, यापुढे त्याला जाता येत नाही. कॉलिन फॅरेलच्या भुवया एरवी विनोदासाठी वर-खाली होतात. या क्षणी त्या भुवयांत जे दिसते, त्यासाठी मी हा प्रसंग परत परत लावते. या भूमिकेसाठी त्याला २००९ मध्ये गोल्डन ग्लोब मिळाले, ते विनोदी चित्रपटांच्या विभागात. पटकथेला बाफ्टा हा ब्रिटिश चित्रपट पुरस्कार मिळाला आणि ऑस्करचे नामांकन. पुरस्कारांनी काही सिद्ध होते असे नाही, पण लेखात त्यांचा उल्लेखही नव्हता म्हणून लिहिले.

ही हुज्जत हास्यास्पद आहे, कारण तिच्यातून दोघांनाही स्वतःची सुटका हवी आहे. बाटली होती की नाही, कराटे होते की नाही, वय काय होते, या सगळ्या अटी एवढ्यासाठीच की कुठेतरी असे उत्तर निघावे ज्यात आपण दोषी नाही. मरणारा माणूस यात हसण्याचा विषय होत नाही. सुटकेसाठी मारणाऱ्याची जी तडफड चालली आहे, तिच्यावर आपण हसतो.

पुढे हॅरीचा फोन येतो. त्याने दोघांना ब्रूजला पाठवले ते लपवण्यासाठी नव्हतेच. लहानपणी तो तिथे सुट्टीला गेला होता आणि ते गाव त्याच्या आठवणीत परीकथेसारखे राहिले आहे. रेला मरण्यापूर्वी काहीतरी सुंदर पाहायला मिळावे, एवढ्याचसाठी ही सहल. आता केनने त्याला मारायचे. कारण हॅरीचा नियम आहे: मूल मारणाऱ्याला जगण्याचा हक्क नाही, मग ते चुकून का असेना. आपल्या हातून घडले असते तर आपण जागच्या जागी स्वतःला संपवले असते, असे तो म्हणतो, आणि तो ते खरेच म्हणत असतो.

केन पिस्तूल घेऊन बागेत जातो. रे पाठमोरा बसला आहे. केन मागून जवळ जातो, पिस्तूल रोखतो, आणि त्याच क्षणी रे स्वतःचे पिस्तूल काढून स्वतःच्या डोक्याला लावतो. केन ओरडतो, नको! मग दोघे एकमेकांना जाब विचारतात. तू मला मारायला आला होतास? तू स्वतःला मारत होतास! या प्रसंगावर हसू येते आणि डोळे भरतात, दोन्ही एकदम. ज्याला मारायचे त्याला वाचवण्यासाठी हा माणूस ओरडला, ते त्याने ठरवून केलेले नाही. हात मारायला उठला होता, तोंडातून 'नको' निघाले. मारेकरी बदलतो तो असा, भाषणाशिवाय, हे मी दुसऱ्या कोणत्या चित्रपटात पाहिलेले नाही. त्यानंतर केन त्याचे पिस्तूल काढून घेतो, त्याला आगगाडीत बसवून देतो, आणि परिणाम ठाऊक असूनही हॅरीला स्वतः फोन करून कळवतो.

आता मनोऱ्याबद्दल. ब्रूजच्या चौकातला तो घंटेचा मनोरा ८३ मीटर उंच आहे, वर जायला ३६६ पायऱ्या. सुरुवातीला केन तिकीट काढायला जातो तेव्हा तिकिटाला पाच युरो लागतात आणि त्याच्याकडची सुटी नाणी दहा सेंटने कमी भरतात. खिडकीतला माणूस दहा सेंट सोडायला तयार नाही. केन निमूटपणे मोठी नोट देतो. आपण हसतो आणि विसरतो. शेवटी त्याच मनोऱ्यावर हॅरी आणि केन समोरासमोर येतात. केन प्रतिकार करत नाही; हा मुलगा बदलू शकतो, त्याला संधी दे, एवढेच सांगतो. हॅरी आधी त्याच्या पायावर गोळी झाडतो, मग रे गाडीतून परत आला असून गावातच आहे असे कळल्यावर मानेवर. रक्तबंबाळ केन जिना पुन्हा वर चढतो, रेला सावध करायला. खाली धुके आहे, वरून काही दिसत नाही, नेम धरता येत नाही. तेव्हा तो खिशातली नाणी खाली टाकतो, लोकांनी बाजूला व्हावे म्हणून, आणि मग स्वतःला खाली झोकून देतो. पडता पडतासुद्धा खालचा कोणी अनोळखी माणूस मरू नये, याची काळजी घेणारा हा भाडोत्री मारेकरी. ज्या चिल्लरीवर आपण हसलो होतो तिच्याकडे यानंतर तसे पाहवत नाही. मरण स्वस्त करणाऱ्या चित्रपटात असा प्रसंग कशाला असेल?

शेवट मी गणिताच्या बाजूने पाहते, कारण मला तसेच पाहता येते. भूमितीत आम्ही पक्ष, साध्य आणि सिद्धता असे लिहून घेतो. सिद्धतेची प्रत्येक पायरी बरोबर असली तरी पक्ष चुकीचा घेतला असेल तर उत्तराला अर्थ राहत नाही. ब्रूजमध्ये एका विदेशी चित्रपटाचे चित्रीकरण चालू आहे, त्यात जिमी नावाचा बुटका नट आहे. त्या दिवशी त्याने शाळकरी मुलाचा गणवेश घातला आहे. भोवतालचे नट बॉशच्या चित्रातून उतरल्यासारखे मुखवटे घालून उभे. हॅरी रेवर गोळ्या झाडतो, त्या रेला भेदून जिमीला लागतात. पाद्र्याच्या वेळी झाले तेच पुन्हा. हॅरीला वाटते आपण मूल मारले. जबर जखमी झालेला रे त्याला सांगू पाहतो की तसे नाही, पण हॅरी ऐकत नाही. नियम म्हणजे नियम, आणि तो स्वतःवर गोळी झाडतो. पायऱ्या बरोबर, पक्ष चुकलेला.

लेखकाने हा शेवट 'बुटक्या माणसावर केलेला विनोद' म्हणून निकालात काढला आहे. त्याने जरा थांबून एक प्रश्न विचारायला हवा होता. हॅरीला कळले असते की मेलेला मुलगा नसून प्रौढ माणूस आहे, तर त्याने काय केले असते? काहीच नाही. तो निघून गेला असता. जिमीही माणूसच होता, त्याचा काही अपराध नव्हता, तरी हॅरीच्या नियमात त्याला जागा नाही. आणि मग तो पाद्री आठवतो. त्याला का मारायचे होते, हे चित्रपट आपल्याला सांगत नाही. कोणी त्याच्यासाठी रडत नाही, रेसुद्धा नाही. मुलाचे मरण सर्वांना जाळते आणि पाद्र्याचे मरण हे झालेले काम. या माणसांची नीती केवढी तोकडी आहे ते चित्रपट असे दाखवतो, एकही व्याख्यान न देता. पहिल्यांदा पाहताना हे माझ्या ध्यानात आले नव्हते. आता मला तोच चित्रपटाचा कणा वाटतो. तत्त्व पाळणारा माणूस चांगलाच असतो असे आपण मुलांना शिकवतो. तत्त्व कोणाला मोजते आणि कोणाला वगळते, तेही विचारायला शिकवले पाहिजे.

लेखाचा मूळ सूर मला सगळाच अमान्य नाही, असे मी वर म्हटले. 'प्रिझीज ऑनर' हा १९८५ चा जॉन ह्यूस्टनचा चित्रपट घ्या. पैसे घेऊन मारणारा नवरा आणि पैसे घेऊन मारणारी बायको, आणि अखेरीस एकमेकांना संपवण्याची पाळी. कारागिरी उत्तम, पण मरणारी बाकीची माणसे लक्षातही राहत नाहीत. 'ग्रोस पॉइंट ब्लँक' (१९९७) मध्ये मारेकरी शाळेच्या दहा वर्षांनंतरच्या स्नेहमेळाव्याला जातो; हसायला येते, पण प्रेते मोजायची तसदी कोणी घेत नाही. २०२३ चा 'हिट मॅन' तर लेखकाच्या म्हणण्याला अगदी लागू पडतो. त्याचा आधार आहे अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरातला एक खरा माणूस. तो पोलिसांच्या वतीने मारेकऱ्याचे सोंग घेऊन, खून करवू पाहणाऱ्यांना पकडून देत असे. त्याने कोणाला मारले नाही. चित्रपटाने मात्र शेवटी नायक-नायिकेच्या हातून एकाचा जीव घेतला आणि दोघांना सुखाच्या संसारात बसवले. खुनाचा भाग आम्ही रचला आहे अशी कबुली श्रेयनामावलीत दिली. तिथे मेलेल्याची आठवण कोणालाच राहत नाही, प्रेक्षकालाही नाही. लेखकाने हे उदाहरण घेतले असते तर मी दुजोरा दिला असता. सगळे एकाच मापाने मोजल्यामुळे ज्या चित्रपटाने एका मुलाच्या मरणाला शेवटच्या मिनिटापर्यंत विसरू दिले नाही, त्याच्यावरच ठपका आला.

'इन ब्रूज' निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. जिमीच्या उंचीवरून रे जे बोलतो त्यातले पुष्कळ मला ऐकवत नाही. रे अडाणी आणि उद्धट आहे हे दाखवण्यासाठी ते आहे, हे मान्य. पण दोनदा दाखवून भागले असते. मनोऱ्यापाशी लठ्ठ पर्यटकांची जी टर उडवली आहे तीही मला बोचते. रे गावात जिच्या प्रेमात पडतो त्या क्लोईची भूमिका रेला गावात अडकवून ठेवण्यापुरतीच लिहिली आहे, तिला स्वतःचे असे फारसे काही नाही. तिच्यापेक्षा हॉटेलची गरोदर मालकीण मारी थोड्या वेळात जास्त उभी राहते: दोन पिस्तूलवाल्यांच्या मधोमध जिन्यात ठाण मांडून ती हटायला तयार होत नाही, आणि तिच्या पोटातल्या बाळापायी दोघांना गोळीबाराच्या अटी एकमेकांशी ठरवून घ्याव्या लागतात. मूल अजून जन्मलेही नाही आणि त्याच्यासाठी दोन मारेकरी थांबतात. लेखकाने हा प्रसंग पाहिला असेल तर ते विधान त्याने कसे केले, हे मला खरोखर समजत नाही.

शेवटी एक सूचना, आणि ती कळकळीची आहे. पुरवणीत प्रत्येक चित्रपटाच्या नावापुढे आपण तारे छापता, त्याच्याशेजारी वयाची अट छापत जा. या चित्रपटात रक्तपात उघडा दाखवला आहे, आत्महत्येचा प्रयत्न आहे, जवळजवळ प्रत्येक वाक्यात शिवी आहे. अमेरिकेत त्याला 'आर' प्रमाणपत्र आहे, म्हणजे सतरा वर्षांखालच्या मुलांना मोठ्या माणसाशिवाय प्रवेश नाही. आपल्या लेखात यातले एक अक्षर नव्हते, आणि 'विनोदी' हा शब्द तर मथळ्यातच होता. तो मथळा वाचून एखाद्या घरी सहावी-सातवीच्या मुलांना शेजारी बसवून हा चित्रपट लावला जाऊ शकतो. चित्रपटाच्या बाजूने मी एवढे लिहिले असले तरी तसे कोणी करू नये. ज्यांचे मूल गणितात मागे आहे, घुमे घुमे राहते, त्या आई-वडिलांनी मात्र तो जरूर पाहावा, मूल झोपल्यावर, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याशी बोलताना प्रगतिपुस्तक बाजूला ठेवावे.

आपली एक नियमित वाचक,
निवृत्त गणित शिक्षिका